उपसर्गोच्चारदीपिका

इंग्रजी भाषेचा संसार अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर थाटलेला असल्यामुळे, आणि त्या दोन्ही तीरांवरील यजमानांशी एकाच दिवशी बोलण्याचा प्रसंग पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील कित्येकांवर येत असल्यामुळे, शब्दाच्या अग्रभागी बसणाऱ्या उपसर्गांचा उच्चार कोठे कसा करावा, याविषयी काही शिरस्ता घालून देणे लोकहिताच्या दृष्टीने अगत्याचे झाले आहे. उमेदवारांनी पुढील कलमे प्रातःकाळी मुखमार्जनोत्तर, आरशासमोर उभे राहून, स्वतःच्या जबड्यावर नजर ठेवीत घोकावी. घरातील मंडळींस आगाऊ कल्पना देणे श्रेयस्कर.

कलम १ : 'अँटि', 'सेमि' व 'मल्टि' ही त्रयी. ब्रिटिश अमलाखालील मुलखात या तिन्हींचा शेवट इकारात करून मोकळे व्हावे. अमेरिकेत मात्र जबडा किंचित खाली सोडून 'अँटाय', 'सेमाय', 'मल्टाय' म्हणण्याची मुभा आहे. ही मुभा सरसकट नाही. जेथे उपसर्ग एखाद्या स्वतंत्र शब्दास नुसता डकवलेला असतो, जसे युद्धविरोधी या अर्थी 'अँटाय-वॉर', तेथे 'आय' शोभून दिसतो. परंतु 'अँटिडोट' किंवा 'मल्टिपल' यांसारख्या शब्दांत, जेथे उपसर्गाची व शब्दाची पूर्वापार एकवाक्यता झालेली आहे, तेथे अमेरिकन मनुष्यही निमूटपणे 'इ'वरच समाधान मानतो. शिवाय एकाच घरात यजमान 'अँटाय' आणि यजमानीण 'अँटी' म्हणत असूनही कज्जा झाल्याचे ऐकिवात नाही. शिकागोच्या हमरस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या अजस्र मालमोटारीस तेथील लोक बहुतेक 'सेमाय' म्हणतात, आणि त्याच लोकांच्या तोंडी अर्धविराम बहुधा 'सेमिकोलन' असतो. यावरून वाहनासाठी जितका जबडा उघडावा लागतो तितका विरामचिन्हासाठी लागत नाही, असा सिद्धान्त निष्पन्न होतो.

कलम २ : 'प्री'. पहिले कलम पाठ होताच, अमेरिकन मनुष्य स्वर ऐसपैस उच्चारतो आणि ब्रिटिश मनुष्य आखडून, अशी सुलभ समजूत उमेदवाराच्या मनात घर करते. तिचा बंदोबस्त करण्यासाठी हे कलम आहे. अकाली या अर्थाच्या शब्दाला ब्रिटिश मनुष्य 'प्रेमच्युअ' म्हणतो व अमेरिकन 'प्रीमच्युअर'. येथवर समजुतीस धक्का लागत नाही. पण पूर्वाधिकारी म्हणावयाचे झाले की ब्रिटिश मनुष्य 'प्रीडिसेसर' असा दीर्घ सूर लावतो आणि अमेरिकन 'प्रेडिसेसर' म्हणून आटोपते घेतो. तेव्हा कचेरीतील निरोपसमारंभात पूर्वाधिकाऱ्यांच्या अकाली सेवानिवृत्तीविषयी खेद व्यक्त करण्याची कामगिरी ज्याच्यावर येईल, त्याने सभेत कोण बसले आहे याची आधी रुजवात घालून एक 'प्री' व एक 'प्रे' योग्य जागी खर्ची टाकावा. बेरीज दोन्ही देशांत सारखीच भरते.

कलम ३ : 'आय'चा जमाखर्च. ही बेरीज योगायोगाने जुळलेली नाही. अमेरिकेने शब्दाच्या मस्तकी जो 'आय' चढविला, तो तिने शब्दाच्या पायथ्याकडून वसूल केला आहे. ब्रिटिशांचा 'मिसाइल' तेथे 'मिसल' होतो, 'फर्टाइल' 'फर्टल' होतो, आणि शत्रुभाव दर्शविणारा 'हॉस्टाइल' तर इतका झिजतो की त्याच्यात आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात कानाला काही भेद उरत नाही. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत त्यांना हे ऐक्य अनाठायी वाटणार नाही. अशा रीतीने खजिन्यातील स्वर तितकेच राहतात, त्यांची केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली होते. म्हणून उमेदवाराने एका वाक्यात 'अँटाय' आणि 'मिसाइल' दोन्ही उच्चारू नयेत. तसे करणे म्हणजे दोन्ही सरकारांकडून एकाच प्रवासाचा भत्ता उचलणे होय.

कलम ४ : वादाचा निवाडा. डॅनियल जोन्स यांचा १९१७ सालचा ब्रिटिश उच्चारकोश व केनियन आणि नॉट यांचा १९४४ सालचा अमेरिकन उच्चारकोश संग्रही असावेत; परंतु तंटा उपस्थित झाल्यास दोन्ही एकदम उघडू नयेत. निवाड्यासाठी वरिष्ठ पीठ म्हणावे तर बी.बी.सी.ने १९२६ साली निवेदकांच्या उच्चारांकरिता एक सल्लागार समिती नेमली होती. तिचे पहिले अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस १९३० साली निवर्तल्यावर ते आसन बर्नार्ड शॉ यांच्याकडे, म्हणजे डब्लिनला जन्मलेल्या आयरिश गृहस्थाकडे, आले. आणि १९३९ साली महायुद्ध सुरू होताच समितीचा कारभार आटोपला. इंग्रजांच्या जिव्हेचा न्याय करण्यास इंग्रज असणे आवश्यक नाही, हा दाखला त्यामुळे कायमचा दप्तरी जमा झाला असून, दापोलीच्या किंवा नांदेडच्या एखाद्या गृहस्थाने त्या रिकाम्या जागेसाठी अर्ज करण्यास कायद्याची कोणतीही हरकत दिसत नाही. अर्ज मात्र लेखीच करावा.