सामन्याची वेळ लपवणाऱ्या महोदयांस

माननीय वेळापत्रककार महोदय यांसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. भारतातल्या महिला फुटबॉलचे सामने कधी, कुठे आणि किती वाजता होणार, हे आपण इतक्या निष्ठेने गुप्त ठेवता, की माझ्यासारखी साधी प्रेक्षक बसल्या जागी गुप्तहेर झाली. सामन्याची वेळ मला गोलरक्षकाच्या मावसभावाच्या स्टेटसवरून कळते. मैदान कोणते, हे संघाच्या बसचा फोटो मोठा करून, मागच्या दुकानाची पाटी वाचून ठरवावे लागते. निकाल मात्र त्याच दिवशी बाहेर फुटतो. तेवढी ढिलाई आपल्या खात्यात अजून आहे, लक्ष घालावे.

आपण नेमके कोण, हे मला ठाऊक नाही. एकाच खुर्चीत बसता की दहा खुर्च्यांत थोडेथोडे, देव जाणे. पण आपले हस्ताक्षर मी कुठेही ओळखेन.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांची गाठ पडणार असली की आमच्या पेठांत दुसरा विषय नसतो. सामन्याची वेळ कोणाला विचारावी लागत नाही, ती चहाच्या गाड्यावर कटिंगसोबत फुकट मिळते. अशा गावाच्या नावाचा महिला संघ, एफसी कोल्हापूर सिटी, २०१९ साली इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला. आता आपल्या पोरी राष्ट्रीय लीग खेळताना बघायच्या, म्हणून आम्ही सरसावलो. आपण म्हणालात, अवश्य बघा की! लुधियानाला या. मे महिन्यात. सगळे सामने तिथेच. घरचे प्रेक्षक म्हणजे घरचा गोंगाट, त्याने पोरींची एकाग्रता भंगू नये, असाच आपला उदात्त हेतू असणार.

२०२३ साली आपण सुधारणा केलीत. मे महिना तोच ठेवलात, गाव बदलून अहमदाबाद केलेत. आपल्या दालनातला एसी उत्तम चालत असावा. उन्हाळा नावाचा ऋतू तिथवर पोहोचलेला दिसत नाही.

पुढच्या मोसमापासून संघ एकमेकांच्या गावी जाऊन खेळू लागले, हे मान्य करायलाच हवे. (मी पेढे वाटणार होते.) पण त्या मोसमात सात संघ होते आणि महाराष्ट्रातला एकही नव्हता. म्हणजे आधी एकाच परगावी जायचे होते, आता कितीतरी परगावांतून निवड करता येऊ लागली. शिवाय आपण बुधवारी दुपारी साडेतीन ही वेळ शोधून काढलीत. शाळा सुटलेली नसते, कचेऱ्या सुटलेल्या नसतात, उन्हे उतरलेली नसतात. या एका वेळेत आपण विद्यार्थी, नोकरदार आणि म्हातारी माणसे, तिघांनाही घरी ठेवलेत.

भारताची फुटबॉलपटू बाला देवी, तिचेच घ्या. जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सने तिला करारबद्ध केले. ती स्कॉटलंडमध्ये असताना तिचा पुढचा सामना कधी, हे मला कोल्हापुरात बसून आधीच कळत असे. ती भारतात परतली आणि दिसेनाशी झाली. मणिपूरच्या या बाईला शोधायला मला ग्लासगो सोपे गेले, इम्फाळ अवघड.

तरीही आपली सर्वश्रेष्ठ कलाकृती माझ्या मते २००९ची. राष्ट्रीय महिला संघाला आपण सलग दीड वर्षाहून अधिक काळ एकही सामना दिला नाहीत आणि फिफाने भारताचे नाव क्रमवारीतूनच काढून टाकले. वेळापत्रकात चुका करणारे पुष्कळ भेटतात. वेळापत्रक कोरेच ठेवणारा कलावंत विरळा. हाच संघ १९८३ साली आशियात उपविजेता होता, हे कोणाला आठवू नये, म्हणून एवढी खबरदारी पुरेशी होती.

आपल्या विलायती पूर्वजांना ही नजाकत साधली नव्हती. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या महिला संघाचा सामना बघायला ५३ हजार माणसे आली. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना बजावले की बायकांना मैदाने द्यायची नाहीत. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. किती बटबटीत काम! बंदी घातली की लोक चिडतात, तारीख लक्षात ठेवतात, पुस्तके लिहितात. आपण बंदीबिंदी घालत नाही. आपण फक्त वेळ कळवत नाही. आणि मग रिकाम्या स्टँडकडे बोट दाखवून हळहळता की काय करणार, बायकांचा खेळ बघायला लोक येतच नाहीत. पत्रिका वरात गेल्यावर टाकायची आणि पंगतीला कोणी बसले नाही म्हणून रुसायचे, त्यातला हा प्रकार.

३० मार्च २०२२ला बार्सिलोनाच्या कॅम्प नौवर बार्सा आणि रेआल माद्रिदच्या महिला संघांचा सामना झाला. ९१,५५३ माणसे आली. तोही बुधवारच होता, बरं का. पण सामना संध्याकाळी होता आणि सगळ्या शहराला तो आधीपासून ठाऊक होता. परदेशातले लोक फार बोलके, पोटात काही राहत नाही त्यांच्या.

आणि इकडे? ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत संगीता बासफोरने थायलंडविरुद्ध दोन गोल मारले, आपण २-१ने जिंकलो आणि पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची भारताच्या महिला संघाची ती पहिलीच वेळ ठरली. सोमवारी कचेरीत मी हे मोठ्या आनंदाने सांगितले. आमचे एक साहेब, ज्यांना मँचेस्टर युनायटेडच्या राखीव गोलरक्षकाचाही गुडघा कधी दुखला ते माहीत असते, डबा उघडता उघडता म्हणाले, "आपला बायकांचा संघ पण आहे?" त्यांना मी काही बोलले नाही. श्रेय ज्याचे त्यालाच द्यावे.

एक अर्ज आहे. कोणताही एक सामना शनिवारी संध्याकाळी ठेवा आणि महिनाभर आधी सांगून टाका. माझ्यासाठी नको, मला गोलरक्षकाचा मावसभाऊ आहे. त्या साहेबांसाठी सांगा. स्टँड रिकामाच राहिला तर आपले म्हणणे खरे ठरेल आणि मी जाहीर माफी मागेन. इतकी वर्षे आपण ते तपासून बघायची जोखीम काही घेतलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्रेक्षक

ता. क. उत्तर द्यायला फोन करायचा असल्यास बुधवारी दुपारी साडेतीनला करावा. मी कामावर असते, पण आपल्या हिशेबाने तेव्हा सगळे मोकळे असतात.