पिशोरात म्हणे माणसं उगाच पळू लागली!

अहो, ऐकलं का? पिशोरात माणसं पळू लागलीत. मागं कुत्रं नाही, पुढं सुटणारी एसटी नाही, कुणाच्या वळईला आग लागल्याची बोंब नाही. तरी पहाटे पाचला उठायचं, पाच आकडी किमतीचे बूट चढवायचे, कन्नडच्या रस्त्याला लागायचं आणि धापा टाकत टाकत जिथून निघालो तिथंच परत यायचं! जायचंच होतं तर निदान तिकडून अद्रकीचा भाव तरी विचारून यावं. तेही नाही.

पोरं पळतात, ती गोष्ट वेगळी. ती भरतीची पोरं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण एकट्या १६०० मीटरला. त्या पळण्याच्या शेवटी पगार असतो आणि पगाराच्या शेवटी लग्न. गावाला ते कळतं. पण हल्ली पोरांच्या मागून जे येतंय ते बघवत नाही हो! खताच्या दुकानाचे शेठ. झेडपीच्या शाळेचे गुरुजी. पतसंस्थेतले साहेब, ज्यांना परवापरवापर्यंत समोरच्या टपरीवर जायलाही गाडी लागायची. सगळे चाळिशी ओलांडलेले, सगळ्यांच्या मनगटावर ते घड्याळ, आणि अंघोळीआधी मोबाइलवर नकाशा टाकायची घाई. नकाशात एक लाल रेघ असते. रेघ आपल्याच शिवारातली, पण लाइक पुण्याहून येतात.

त्यात हे लोक पैसे भरून पळतात, बरं का. मुंबईला २००४ मध्ये सुरू झालेली ती मोठी मॅरेथॉन जानेवारीत होते, तिथं नाव लागावं म्हणून महिनोन्‌महिने आधी धडपड. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, अर्धी २१ च्या वर थोडी. आपल्याकडं मात्र पाच किलोमीटर पळून आलेला माणूसही ‘मॅरेथॉन मारली’ असंच सांगतो आणि गळ्यातलं पदक दुपारच्या जेवणापर्यंत काढत नाही.

या सगळ्याचं मूळ शोधायचं तर बीडकडं बोट दाखवावं लागेल. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, शेतकऱ्याचं पोर, सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेस पळू लागला. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. आता मराठवाड्याचं पोर एवढं पळतं म्हटल्यावर मराठवाड्याच्या काकांनाही पाय फुटणारच. फरक इतकाच की साबळे लहानपणापासून पळत आलाय आणि काकांनी शेवटचं पळणं सातवीच्या सहामाहीत केलं होतं.

आता जरा जवळ या, खरी खमंग बातमी पुढं आहे. गुरुजींचा खुबा गेला!

म्हणजे तसा जागेवर आहे, पण दुखतो. डावीकडं, बाहेरच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा हाताला लागतो, बरोब्बर तिथं. पहिले दोन-तीन किलोमीटर ठीक, मग ठणका. जिना चढताना कळ. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पँट चढवताना एका पायावर उभं राहायची सोय नाही, म्हणून खाटेवर बसून चढवतात. ही माहिती बाहेर कशी आली विचारू नका. भिंतीला भिंत असलेल्या घरात पँटसुद्धा खाजगी राहत नाही.

मग काय, आख्खं गाव डॉक्टर झालं. एकजण म्हणाला, नस चढली. दुसरा म्हणाला, उसण भरली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘कामून पळू लागले म्हणावं या वयात? हाडं झिजली असतील.’ निरगुडीचा पाला झाला, आंबेहळद झाली, रुईची पानं शेकून बांधून झाली. शेठनं बूट बदलायला सांगितलं, कारण त्यांनी स्वतः नुकतेच बदलले होते. कुणीतरी मोबाइलवर बघून पाय आडवा ओढून ताणायचा प्रकार शिकवला. तो केला आणि गुरुजी आणखी लंगडू लागले.

शेवटी गुरुजी संभाजीनगरला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपीच्या ताईंना दाखवून आले. आणि तिथं जे कळलं, ते ऐकून चावडीवर शांतताच पसरली. दोष म्हणे बसायच्या जागेचा! चारचौघांत जिचं नाव घेत नाहीत, तिथल्या स्नायूंचा.

गोष्ट अशी की पळताना माणूस दोन पायांवर कधीच नसतो. एक तर एका पायावर, नाहीतर हवेत. ज्या पायावर अंग पडतं, त्या बाजूचे कुल्ल्याचे स्नायू कंबर समतल धरतात. ते दुबळे असले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली कलते. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८९५ सालीच ही खूण लिहून ठेवली. कंबर प्रत्येक पावलाला अशी कलली की त्या स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे बाहेरच्या हाडावर दाबले जातात, आणि हजारो पावलांनी ते चिडतात. अचानक अंतर वाढवलं तर जास्तच. गुरुजींनी नेमकं तेच केलेलं. आठवड्यात दोनदा पळणारा माणूस अर्ध्या मॅरेथॉनला नाव नोंदवल्यावर दुसऱ्या दिवसापासून रोज पळू लागला, तेही रस्त्याच्या त्याच उतरत्या कडेनं.

त्या ताईंनी जी पथ्यं सांगितली, त्यांनी तर पिशोरच्या सार्वजनिक जीवनाचाच पाया हलला. पायावर पाय टाकून बसायचं नाही. एका पायावर भार देऊन, कंबर बाहेर काढून उभं राहायचं नाही. अहो, मग टपरीवर उभं राहायचं कसं? सरळ सांगायचं तर बासरीवाल्या कृष्णासारखं नाही, पंढरपूरच्या विठोबासारखं. समचरण. दोन्ही पायांवर सारखा भार. माझं मत विचाराल तर या एका पथ्यासाठी त्या ताईंचा सत्कार व्हायला हवा. डॉक्टरनं सांगितलेलं गावाला पटलं नाही तरी विठोबानं केलेलं पटतं. आणि तो आडवा ताण तर बंदच, त्यानं दुखरे कंडरे हाडावर आणखी दाबले जातात.

‘एक इंजेक्शन मारून मोकळे व्हा की!’ असं शेठ म्हणालेच. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हाच खुबा धरून २०४ माणसांवर तुलना केली आणि २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. आठ आठवड्यांनी ‘बराच फरक पडला’ म्हणणारे व्यायाम करणाऱ्यांत शंभरात ७७, स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांत ५८, नुसती वाट बघणाऱ्यांत २९. वर्षभरानं दुखण्याच्या मापात इंजेक्शनवाल्यांनी व्यायामवाल्यांना गाठलं, तरी फरक पडला म्हणणारे व्यायामाकडंच जास्त निघाले. शेठला आकडे आवडतात, पण हे आवडले नाहीत. व्यायामाची पावती दाखवता येत नाही.

हाडं झिजायचंही असंच. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्या-खुब्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के सापडली आणि बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के. हो, स्पर्धेसाठी झिजणाऱ्या पट्टीच्या धावपटूंत १३.३. म्हणजे पारावर दिवसभर बसून ‘हाडं झिजतील’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा उभं राहूनच ऐकावा.

थट्टा बाजूला ठेवून एवढं सांगते: दुखणं बाहेरच्या बाजूला नसून जांघेत असेल, पाय टेकताच कळ येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर निरगुडी-बिरगुडी सोडून आधी डॉक्टर. खुब्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, सुरुवातीला एक्स-रेत तो दिसतोच असं नाही, आणि त्यावर पळत राहिलं तर हाड मोडतं. पाळी अनियमित झालेल्या, खाणं तोडून पळणाऱ्या मुलींना हा धोका जास्त. भरतीसाठी उपाशीपोटी पळणाऱ्या आपल्या पोरींशी कुणी हे बोललंय का?

गुरुजींचं पळणं पूर्ण बंद झालं नाही, हा दुसरा धक्का. अंतर कमी केलं, सपाटीवर पळतात, ढांगा आखूड केल्यात. त्याच वेगात पावलांची संख्या दहा टक्क्यांनी वाढवली तर खुब्यावरचा भार कमी होतो, हे अमेरिकेत विस्कॉन्सिनला २०११ मध्ये मोजून झालंय. आता ते तुरुतुरु पळतात. बघणाऱ्यांची करमणूक वाढली, पण ठणका उतरला. शिवाय रोज ओसरीचं दार लावून व्यायाम: उताणं पडून कंबर उचलायची, भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं.

आणि दाराला फट असते.

मावशींनी फटीतून सगळं पाहिलं. आधी हसल्या, गल्लीभर सांगून झालं. मग एकदा गुरुजींच्या बायकोला हळूच विचारलं, ‘त्याह्यचं नेमकं कुठं दुखतं गं?’ तिनं जागा दाखवली. मावशी गप्प. त्यांचं त्याच जागी कित्येक वर्षांपासून दुखतंय. त्याही त्या कुशीवर झोपत नाहीत. त्यांना कुणी शहरात नेलं नाही, कारण पळून दुखलं तर तो खुबा आणि मका-कापसात खुरपून दुखलं तर तो वात. खरं म्हणजे हे दुखणं चाळिशीनंतरच्या बायकांतच सगळ्यात जास्त आढळतं, त्यांनी जन्मात एकदाही बूट घातला नसला तरी. ही भानगड मात्र चावडीवर कधी चघळली गेली नाही.

तेव्हापासून मावशी रोज सकाळी तुळशीवृंदावनाला हात टेकून एका पायावर उभ्या असतात. गल्लीत कुजबुज सुरू झालीय की मावशींनी कसला तरी कडक नवस बोललाय. कुणी म्हणतं धाकट्याच्या नोकरीसाठी, कुणी म्हणतं नातवासाठी. परवा मी न राहवून विचारलंच, तर म्हणाल्या, ‘म्हणू दे ना माय! व्यायाम करते म्हणलं तर दात काढतील. नवस म्हणलं की सून चहा आणून देती.’