साडूंना कळवू का?

आपल्याकडे माणसाचा पगार सख्ख्या भावालाही नेमका ठाऊक नसतो. विचारलाच तर 'भागतं आपलं' म्हणून विषय मिटवायचा. मुलीचं ठरेपर्यंत शेजारी सुगावा लागू द्यायचा नाही. साखर वाढल्याचा रिपोर्ट पाहुणे यायच्या आत कपाटात. हाच गृहस्थ झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला मेसेज, फोटो आणि फोनमधले सगळे नंबर बिनदिक्कत उघडून देतो. त्यात भावाचाही नंबर असतो.

बरं, त्याला काळजीच नाही असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तेव्हा पहिली टाळी त्याचीच. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या, तेव्हा तर तो खवळलाच. 'हे आपल्यावर पाळत ठेवतात' हा इशारा त्याने व्हॉट्सॲपच्याच सगळ्या ग्रुपांवर धाडला आणि सिग्नल उतरवून घेतलं. तिथे शुकशुकाट. ना मावशी, ना सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याचा टँकर कधी येणार तेही कळेना. कंपनीने फेब्रुवारीची मुदत मे महिन्यापर्यंत पुढे ढकलली. तोवर याचा रागही निवला.

सुपरमार्केटच्या काउंटरवर त्याला बघावं. 'मोबाइल नंबर, सर?' म्हटल्याबरोबर दहाही आकडे खणखणीत आवाजात सांगतो. ऐकू गेले नाहीत तर पुन्हा. पॉइंट मिळतात ना! पण तेवढ्यात मागच्या रांगेत शेजारच्या वहिनी दिसल्या, की हात आपोआप ट्रॉलीकडे वळतो आणि 'एकावर एक फुकट'ची बिस्किटं कणकेच्या पिशवीखाली जातात.

ही विसंगती आहे, असं जाणकार म्हणतात. मला नाही तसं वाटत. आपली लाज ओळखीच्यांपुरतीच असते. 'चार लोक काय म्हणतील' यातले चारही लोक आपल्याला नावागावासकट माहीत असतात. कंपनी त्यांत बसत नाही. ती हळदीकुंकवाला येत नाही, लग्नाच्या पंगतीत टोमणा मारत नाही. रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपण घरची भांडणंसुद्धा सांगून टाकतो, कारण तो मनमाडला उतरणार असतो. कंपनी उतरत नाही, एवढंच आपल्या ध्यानात येत नाही.

आणि 'अटी वाचत जा' हे सांगणाऱ्याचं काय जातं? २००८ साली ॲलिशिया मॅकडोनल्ड आणि लॉरी क्रेनर या अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता. वर्षभरात बघितलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं खासगीपणाचं धोरण अक्षरन् अक्षर वाचायचं, तर माणशी सुमारे २४४ तास लागतील. दिवसाचे आठ तास धरले तर महिनाभराची बिनपगारी नोकरी झाली, तीही रविवार भरून.

आता २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीचा मजकूर साध्यासोप्या भाषेत, हवा तर मराठीतही, द्यायला सांगितलं आहे. उत्तमच. त्यात माझी एक नम्र भर: 'मी सहमत आहे'च्या वर ठळक अक्षरांत 'सदर माहिती आपल्या साडूंनाही कळवण्यात येईल' एवढं छापावं. मग २४४ तास पुरायचे नाहीत.