ऑइल कुठलं घालू?

सेकंडहँड डिझेल गाडी विकणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही. 'गाडी डॉक्टरांची आहे,' म्हणतो, ती असतेच. डॉक्टरसाहेब रोज दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यात जात आणि दीड किलोमीटर परत येत; डिझेल इंजिन पुरतं तापायच्या आतच बंद. डिझेलचे याहून मोठे हाल करता येत नाहीत. 'एक रुपयाचं काम नाही,' हेही शंभर टक्के खरं. एक रुपयात हल्ली होतं काय?

गाडी बघायला गेलात की इंजिन आधीच चालू करून छान गरम ठेवलेलं असतं. आवाज मऊ, धूर नाही. काही वेळा ही पुण्याई २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट ऑइलची असते, वर एखाद्या 'ट्रीटमेंट'ची बाटली. घट्ट ऑइल झिजलेल्या रिंगांतून कमी वर चढतं, खडखड दाबतं आणि व्यवहार होईपर्यंत सगळ्यांची अब्रू राखतं. म्हणून आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्यायला जा आणि तीन-चार तासांनी परत या. इंजिन थंड असताना, तुमच्यासमोर, चालू करायला लावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. भकाभका वाफा आल्या तर डॉक्टरसाहेबांना नमस्कार करा आणि रिक्षा बघा.

समजा, घेतलीत. आता नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातले सगळे यंत्रविशारद यांच्यापुढे एकच प्रश्न: ऑइल कुठलं घालू? जावयाची निवड करताना झाली नसेल इतकी चर्चा होते. एक गट फुल सिंथेटिकवाल्यांचा. यांना डबा सोनेरी लागतो आणि किंमत ऐकून समोरच्याच्या भुवया उंचावाव्या लागतात. दुसरा गट 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो' म्हणणाऱ्यांचा. यांचा भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये असतो, त्याच्याकडे ट्रकच्या १५डब्ल्यू-४० ची बादली असते, आणि 'ट्रक पाच लाख किलोमीटर पळतो की!' हा यांचा अखेरचा शब्द असतो.

बर्फाचा मुद्दा मात्र फसवा आहे. तो डब्ल्यू विंटरचा, हे खरं. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा शंभर अंशांना किती घट्ट राहतं ते. पण नव्वद-शंभर अंशांवर काम करणाऱ्या इंजिनाच्या हिशेबाने नागपूरची मे महिन्यातली सकाळसुद्धा थंडच. चावी फिरवल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल टर्बोपर्यंत पोचलं पाहिजे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तोही ऑइलच्या पातळ पडद्यावर तरंगत. आपण मात्र खंबाटकी चढून आल्या आल्या मिसळीच्या हॉटेलपाशी खटकन चावी बंद करतो, कारण अर्धं मिनिट इंजिन चालू ठेवलं तर डिझेल वाया जातं ना!

गंमत अशी, की या वादाचा निकाल गाडीतच असतो. ग्लव्हबॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक पुस्तिका. तीन मालक बदलले तरी पिशवीची घडी मोडलेली नसते. ऑइलचा ग्रेड, दर्जाची अक्षरं आणि किती लिटर, सगळं त्यात छापलेलं आहे. ब्रँड कुठला, हे बहुधा पुस्तिकेत शेवटी आणि आपल्या चर्चेत सगळ्यात आधी येतं.

अक्षरांचं महत्त्व बीएस-६ गाड्यांत कळतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल मोटारींत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. अडकलेल्या काजळीला गाडी जाळून टाकू शकते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती तिथेच साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, सी२, सी३ वगैरे. भावाच्या बादलीतलं सीआय-४ या गाड्यांसाठी नाही. बादलीत वाचतात काही शे रुपये. नव्या डीपीएफचा भाव विचारायला जाताना सोबत कोणाला तरी न्या.

याच गाड्यांचा आणखी एक चमत्कार. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी रोज हिंजवडीच्या सिग्नलांत रांगत असेल, तर जाळण्याचं काम अर्धवट सुटतं आणि त्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढते. मालक खूश: 'गाडी ऑइल पीत नाही, उलट देते!' अहो, ते ऑइल पातळ झालंय. दूधवाल्याची ही युक्ती आपल्याला लगेच कळते, गाडीची कळत नाही.

डिपस्टिक बाहेर काढणारेही थोडेच, आणि काढतात ते रंग बघायला. 'दोनशे किलोमीटरात काळं! मेकॅनिकने जुनंच घातलं!' डिझेलमध्ये ऑइल काळं होणारच. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं काम आहे. बघायची ती पातळी: सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, पुसायचं, पुन्हा बुडवायचं. आणि 'थोडं जास्तच घालतो, साहेब' या प्रेमळ वाक्याला नाही म्हणायचं. जास्तीच्या ऑइलला फेस येतो.

बीएस-६ च्या आधीच्या सेकंडहँड डिझेल गाडीत बरेचदा फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट सापडतं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो. टाटा आणि फियाटसाठी ते आपल्याच रांजणगावला बनायचं. त्याला टायमिंग चेन आहे, म्हणून मालक निर्धास्त. पण ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल लांबवलं की चेन बोलायला लागते. डस्टरच्या दीड लिटर डिझेलला तर चेनच नाही, पट्टा आहे. आधीच्या मालकाकडे त्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

लांबवणं ही तर आपली खासियत. पुस्तिकेत असतं, समजा, 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते'. आपण फक्त पहिले तीन शब्द वाचतो. रविवारी सासुरवाडी आणि गणपतीत गाव, एवढ्यावर गाडी वर्षाला तीन हजार चालते. हिशेब स्वच्छ: ऑइल अजून तीन वर्षं निघेल! मधल्या काळात मोबाइल दोनदा बदलतो. नुकत्याच घेतलेल्या गाडीचा जुना हिशेब माहीत नसेल, तर योग्य ग्रेडचं साधं ऑइल आणि फिल्टर घेतल्या घेतल्या बदलून टाका, आणि पुन्हा तीन-चार हजारांवर बदला. सोनेरी डबा एकदाच घालून दोन वर्षं मिरवण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

डबा नाना पेठेतून आणा नाहीतर शोरूममधून, सील तुमच्यासमोर फुटू द्या. रिकाम्या ब्रँडेड डब्याला बाजारात बरे पैसे मिळतात. कशासाठी मिळतात, ते विचारू नका. निघताना डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. मेकॅनिकचं तोंड उतरलं, तर पुढच्या वेळी मेकॅनिकही बदला.