चि. छोट्या भट्टीस, तारापूरहून आशीर्वाद

चि. छोटी अणुभट्टी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू अजून जन्मली नाहीस, पण नाव दिल्लीत ठेवून झालंय : भारत स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर, दोनशे मेगावॅटची. पाठोपाठ ५५ मेगावॅटची धाकटीही इथेच, तारापूरला येणार असं संसदेत सांगून झालंय. मंजुरीनंतर ६० ते ७२ महिने लागतील म्हणे. हत्तीणीचे बावीस महिने आम्हाला उगीच जास्त वाटायचे.

मी बोईसरचा. तुझ्या घराण्याशी आमचा पन्नास-पंचावन्न वर्षांचा शेजार. येण्याआधी घरची माणसं कशी आहेत ते कुणीतरी कानावर घालायला हवं, आणि घरचे ते घालणार नाहीत, कारण त्यांच्याकडे बहुतेक प्रश्नांवर एकच उत्तर असतं : ते गोपनीय आहे. म्हणून शेजाऱ्याने लिहायला घेतलं.

तुझ्या दोन आज्या अमेरिकेच्या. माहेर जनरल इलेक्ट्रिक. १९६३ च्या करारातून ठरलेलं स्थळ, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोघी कामाला लागल्या. देशातल्या पहिल्या अणुवीजभट्ट्या, वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला. स्थळ सांगताना प्रत्येकी २१० मेगावॅट सांगितलं होतं, संसारात १६० निघाल्या. असो, लग्नाच्या बैठकीत चार तोळे वाढवून सांगतातच. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीचं माहेरही तेच होतं. २०११ च्या मार्चमधल्या तिथल्या दुर्घटनेनंतर आम्ही काही महिने आज्यांकडे जरा निरखून पाहत होतो, पण तोंडावर कुणी बोललं नाही. २०२० साली दोघींना मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. शहरात या वयात लोक गुडघे बदलून घेतात, यांच्या पाइपांचं काम निघालं.

त्यांच्या खाण्याची कथा तर कीर्तनात सांगावी अशी. करारात ठरलं होतं की समृद्ध युरेनियम अमेरिका वाढेल. १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला आणि वाढणारीने हात आखडला. मग ताटात फ्रान्सचं पडलं, पुढे चीनचं, नंतर रशियाचं. सीमेवर ज्याच्याशी युद्ध झालं त्याच्याकडचंही आज्यांनी मुकाट्याने खाल्लं. स्वावलंबनावरची भाषणं त्याच काळात जोरात होती. आणि जेवण झालं तरी उष्टं उचलायला कुणी आलं नाही. ते वापरलेलं अमेरिकी इंधन परत न्यायचं की इथेच काही करायचं, यावर दोन्ही घरं वर्षानुवर्षे वाद घालत बसली, आणि ताट तारापुरातच राहिलं, पाण्याच्या टाकीत. आमच्याकडे उष्टं ताट रात्रभर ठेवलं तर म्हातारी माणसं ओरडायची. त्यातल्या प्लुटोनियमचं अर्धं आयुष्यच चोवीस हजार वर्षांचं. म्हातारी माणसं किती पिढ्या ओरडत ठेवायची?

तुझ्या दोन आत्या मात्र अस्सल देशी. प्रत्येकी ५४० मेगावॅट, एक २००५ ला, दुसरी २००६ ला कामाला लागली. कर्तबगार बायका, त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. फक्त त्यांना अंगण मोठं लागलं, आणि त्या अंगणात आधीपासून अक्करपट्टी आणि पोफरण अशी दोन गावं होती. गावं उठली. ज्यांची होडी दाराशी लागायची त्यांची घरं किनाऱ्यापासून आत गेली, आणि त्यांचं गाऱ्हाणं कोर्टात. तुझ्यासाठी नवी जागा घ्यावी लागणार नाही, तू आत्यांच्याच कुंपणात येशील, असं कौतुकाने सांगतात. अगं, कुंपणाच्या आत जागा आहे ती त्या दोन गावांची. गृहप्रवेशाला माप ओलांडशील तेव्हा पाय जरा हळू टाक.

आता कुंपणाबाहेरचं. तुमच्या घराण्याभोवती रांगोळीसारखी वर्तुळं असतात. पहिलं १.६ किलोमीटरचं, त्यात कुणी राहायचं नाही. दुसरं ५ किलोमीटरचं, त्यात वस्ती फार वाढू द्यायची नाही. तिसरं १६ किलोमीटरचं, त्यात आणीबाणीची तयारी ठेवायची. या तिसऱ्यात आमचं अख्खं बोईसर येतं : स्टेशन, नवापूर नाका, औद्योगिक वसाहत, आणि खोलीत सहा-सहा जण राहणारे बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार. १९६९ ला वर्तुळ काढणाऱ्याने गाव पाहिलं होतं. आज आतमध्ये शहर आहे आणि कंपास तोच.

या तयारीच्या एका सरावाची गोष्ट ऐक. भोंगा वाजला. शाळेतली पोरं नाकाला रुमाल लावून वर्गात बसली, त्यांना मजाच वाटत होती. किनाऱ्यावर एक मावशी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील भराभर टोपलीत ओढायला लागली. हातात कागद घेतलेले एक साहेब धावत आले. म्हणाले, ‘मावशी, सराव आहे, खरं काही नाही, बोंबील राहू द्या.’ मावशी म्हणाली, ‘ते कळलं. पण खरं झालं तर बोंबील आत घ्यायचे का टाकायचे, एवढं सांगा.’ साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून पाठची बाजूही पाहिली. बोंबलाचा उल्लेख नव्हता. तोवर मावशीने टोपली भरून घरात नेली होती आणि दाराला आतून कडी घातली होती. त्या दिवशी किनाऱ्यावर ‘आत जा, दार लावा’ या नियमाप्रमाणे वागलेली ती एकटीच.

आणि खरंच निघायची वेळ आली तर? महामार्ग गाठायचा म्हणजे आधी बोईसर, मग कंटेनरच्या रांगेतून चिल्हार फाटा. नेहमीच्या संध्याकाळी तिथे रिक्षावाले इंजिन बंद करून तंबाखू मळतात. किरणांचा वेग प्रकाशाएवढा असतो असं शाळेत शिकलो. चिल्हार रस्त्याचा वेग तुला येऊनच बघावा लागेल.

पण खोटं कशाला बोलू? या सगळ्या वर्षांत तुझ्या आज्या-आत्यांमुळे घर सोडून पळायची वेळ आमच्यावर आली नाही. पळालो ते वसाहतीतल्या रसायनांमुळे. जानेवारी २०२० मध्ये कोलवड्याच्या कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, हादरा कित्येक मैल पोचला. पहिली अफवा काय उठली? ‘अणुशक्ती गेली!’ म्हणजे करणारा दुसराच, नाव तुमचं. ते का होतं, याचा तुझ्या वडीलधाऱ्यांनी विचार करावा. ज्या घरातून कधी आवाज येत नाही, त्या घराबद्दलच गल्लीत जास्त बोललं जातं.

बोईसरच्या बाजारात मुंबईचं एक गिऱ्हाईक कोळणीला म्हणालं, ‘तारापूरचे बोंबील ना? अंधारात चमकतात का गं?’ ती वर न बघता म्हणाली, ‘चमकले असते तर विकले असते व्हय? लाईट गेल्यावर घरात टांगले असते.’ गिऱ्हाइकाने मुकाट्याने दोन वाटे घेतले. गंमत अशी की इथले मासे, दूध, भाजी यांचे नमुने सरकारी प्रयोगशाळा नेमाने तपासते, आणि मासा खाण्याजोगा आहे असंच निघतं. ही गोष्ट कोळणीला ठाऊक असती तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर कागद मारता आला असता. तपासणीचा आकडा दर महिन्याला मासळीबाजाराच्या फळ्यावर खडूने लिहायला काय हरकत होती? पापलेटच्या भावाशेजारी.

तुझ्याविरुद्ध मी नाही, हे लक्षात घे. डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, त्याच्या राखेची धास्ती चिकूवाल्या बागायतदारांना विचार. देशाच्या विजेत अणुवीज आज जेमतेम तीन टक्के, क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट, आणि २०४७ पर्यंत ती एक लाख मेगावॅट करायची असं २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरलंय. म्हणजे तुझ्यासारख्या पुष्कळ येणार. जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्यांचं, ९,९०० मेगावॅटचं मोठं घर बांधायचं ठरलं होतं. २०११ ला तिथल्या आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि घर अजून नकाशावरच आहे. म्हणून आता तुला पुढे केलंय, छोटीला कोण नाही म्हणणार?

डिसेंबर २०२५ मध्ये तुझ्यासाठी नवा कायदाही झाला. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव ‘शांती’ ठेवलंय. आमच्याकडे वास्तुशांत राहायला जाताना करतात, तुझी घर बांधण्याआधीच उरकली. खाजगी कंपन्यांना त्याने दार उघडलं. २०१० च्या कायद्यात यंत्रात खोट निघाली तर पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करायची जी खास तरतूद होती, ती या शांतीत शांत झाली. मिक्सर घेतला तरी दुकानदार दोन वर्षांचं कार्ड देतो, बाळ. तुझं कार्ड कुणाच्या खिशात आहे, ते येताना विचारून ये.

बाकी क्षेम. मावशी बरी आहे, बोंबील यंदाही वलांडीवर आहेत आणि तिचा प्रश्नही तिथेच आहे. उत्तर तुझ्या घरच्या कुणाला सापडलं तर पाठवून दे, साध्या कागदावर चालेल.

कळावे, लोभ असावा.

तुझा शेजारकाका,
मुक्काम बोईसर, तालुका जिल्हा पालघर
(१६ किलोमीटरच्या आत)

ता. क. : पत्र लिहिताना दोनदा लाईट गेली. मधलं अक्षर वाकडं आलंय ते मेणबत्तीमुळे, किरणांमुळे नव्हे. काळजी नसावी.