कोरडी गाडी

मे २०१६. मिरजेहून दुष्काळी लातूरला पाणी भरून रेल्वेगाड्या धावत होत्या. त्याच सुमारास केंद्राने बुंदेलखंडासाठी धाडलेली पाण्याची गाडी झाशीला येऊन थांबली. लखनौचं उत्तर प्रदेश सरकार म्हणालं, पाणी आहे, टँकर द्या. दिल्लीकर भडकले, तहानेचंही राजकारण करता! मग प्रशासनाने दहाही वाघिणी तपासल्या. कोरड्या ठणठणीत! त्या इथेच भरायच्या होत्या म्हणे, असा रेल्वेचा खुलासा. म्हणजे पाणी झाशीकडचं, वाघिणी तेवढ्या केंद्राच्या, आणि तहान बुंदेलखंडातल्या महोब्याची. लोकप्रतिनिधींनी राज्य सरकारला जाब जरूर विचारावा, सभागृहं त्याचसाठी असतात. मात्र तावातावाने विचारण्याआधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावावं. त्याला तारांकित प्रश्न लागत नाही, शिडी लागते.