साहेबांच्या केसांतला जुना पक्ष

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्यांच्या डोक्याभोवती एक पांढरट कड दिसते. देवांच्या तसबिरीतली प्रभा नव्हे ती. साहेब फोटोला ज्या भिंतीपुढे उभे राहिले, त्या भिंतीचा तो चुना.

कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे मी बराच वेळ काढतो. (घरी 'झेरॉक्सला गर्दी होती' असं सांगतो.) परवा तिथे नुकताच पक्ष बदललेल्या एका साहेबांचा फोटो आला. फोटो जुन्या सभेतला, मागे जुना झेंडा. तेवढे साहेब उचलून नव्या बॅनरवर ठेवायचे होते.

दुकानातल्या पोराने आधी मॅजिक वँड मारली. नॉल बंधूंचं पहिलं फोटोशॉप १९९० साली आलं, तेव्हापासून ही कांडी त्यात आहे. पण तिला रंग कळतो, माणूस कळत नाही. टॉलरन्स, म्हणजे किती मिळतेजुळते रंग एकच मानायचे ते, ३२ वर होता. झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्याबरोबर पांढऱ्या शर्टाचा खांदाही गेला. टॉलरन्स उतरवला, तर झेंड्याचे ठिपके मागे उरले. मग इरेजर घेतला. मऊ ब्रशने साहेबांचे कान धुक्यात गेले, कडक ब्रशने डोकं पत्र्यातून कापून काढल्यासारखं दिसू लागलं.

खांदे पेन टूलने निभावले. खरी गोम केसांत. तिथल्या कडेचा पिक्सेल धड साहेबांचा नसतो, धड झेंड्याचा नसतो. दोघांचे रंग मिसळून कॅमेऱ्यानेच त्याला कुंपणावर बसवलेलं असतं. ठेवला तर जुना रंग नव्या बॅनरवर येतो, काढला तर साहेबांना टक्कल पडतं. महाराष्ट्राचं राजकारण या पिक्सेलला जेवढं कळतं, तेवढं अग्रलेख लिहिणाऱ्यांनाही कळत नसावं.

पोरगा मुरलेला. त्याने सिलेक्ट अँड मास्क उघडलं, कड जराशी आत सरकवली, फेदरने ती नावापुरती मऊ केली आणि डिकंटॅमिनेट कलर्सवर टिचकी मारली. कडेच्या पिक्सेलांवर आतल्या केसांचा काळा रंग चढला. साहेब शुद्ध झाले.

फोटो घेऊन आलेल्या कार्यकर्त्याने स्क्रीनला नाक लावलं. "कानामागं अजून जुना कलर दिसतोय. कायमचा खोडून टाक."

"खोडत नाही भाऊ, मास्क लावलाय. काळा ब्रश फिरवला की झाकतं, पांढरा फिरवला की परत दिसतं. झेंडा खाली शाबूत आहे."

कार्यकर्त्याने दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाला, "मग ही फाइल डिलीट करू नको. तिकीटवाटप व्हायचंय अजून."